‘बघून घ्या’ : दुचाकीच्या एका बिलाचं प्रकरण

१८ जून २०२४, मंगळवार. संध्याकाळी पावणेसातला मामाचा फोन आला. आवाज दबलेला होता. ‘‘जरा इकडे येतोस का? गाडी सोडत नाहीयेत.’’ मला वाटलं, वाहतूक पोलिसांनी गाडी उचलली. तसं नव्हतं. सकाळी सर्व्हिसिंगला दिलेली मोटरसायकल धुऊन-पुसून सर्व्हिस सेंटरच्या दारात उभी होती आणि मामाच्या हातात ७,००८ रुपयांचं बिल होतं. सकाळी त्याला ‘दोन हजारांच्या आत बसेल काका’ असं सांगितलं होतं.

मामा टपाल खात्यातून निवृत्त झालेला, धनकवडीत राहतो. गाडी १२५ सीसीची, २०१७ची, ४८,००० किलोमीटर चाललेली. सर्व्हिस सेंटर कंपनीचं अधिकृत, घरापासून दहा मिनिटांवर. मामा तिथे पाच-सहा वर्षं जातोय आणि त्याआधी कधी तक्रारीची वेळ आलेली नव्हती.

अशी बिलं ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला दाखवलेली आहेत. हे एक प्रकरण सगळं लिहून काढतोय ते यात कागद शाबूत राहिले म्हणून. जॉब कार्ड आहे, बिल आहे, पाठवलेल्या पत्राची पोच आहे, आणि मामाची वही आहे. गाडी घेतल्या दिवसापासून पेट्रोल किती भरलं, काटा किती होता, कुठला पार्ट कधी बदलला, हे सगळं तो त्या वहीत लिहितो. त्या वहीचा पुढे फार उपयोग झाला.

सकाळचं बोलणं

मामानं सव्वानऊला गाडी दिली तेव्हा दोन तक्रारी सांगितल्या. मागचा ब्रेक कमी लागतोय आणि चेनचा आवाज येतोय. बाकी नेहमीचं सर्व्हिसिंग. काउंटरवरच्या मुलानं जॉब कार्डवर तेवढंच टाइप केलं आणि विचारलं, ‘‘अजून काही, काका?’’ मामा म्हणाला, ‘‘बाकी जे काय असेल ते बघून घ्या.’’ खाली सही केली आणि रिक्षानं घरी आला.

अख्खं प्रकरण या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून इथे थांबतो.

मराठीत ‘बघून घेणं’चे दोन अर्थ आहेत. सोनाराला आपण म्हणतो, ‘ही साखळी जरा बघून घ्या, कडी ढिली झालीय का.’ म्हणजे तपासा आणि मला सांगा. आणि लग्नघरात आचाऱ्याला म्हणतो, ‘जेवणाचं तुम्ही बघून घ्या.’ म्हणजे तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मला विचारू नका. मामाच्या मनात पहिला अर्थ होता. सर्व्हिस सेंटरनं दुसरा घेतला. मी त्याला नंतर विचारलं, ‘‘मामा, तू नक्की हेच शब्द वापरलेस?’’ तो म्हणाला, ‘‘अरे, मी दर वेळी हेच म्हणतो. दर वेळी ते फोन करतात.’’ हे महत्त्वाचं होतं. पाच-सहा वर्षं त्याच जागी त्याच शब्दांचा अर्थ ‘बघा आणि कळवा’ असाच घेतला जात होता.

जॉब कार्डवर अंदाजे खर्चाचा रकाना होता. तो कोरा होता. मुलानं रक्कम तोंडी सांगितली, लिहिली नाही. सहीच्या वर बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती, तिचा आशय असा की आवश्यक वाटल्यास जास्तीचं काम आणि पार्ट यांना ग्राहकाची संमती आहे. मामाला इंग्रजी वाचता येतं, पण गाडी देताना ती ओळ कोण वाचतं? मागे तीन जण रांगेत होते.

बिल

मी पोचलो तेव्हा साडेसात वाजत आले होते. काउंटरवर आवाज वाढवून काहीच साधत नाही, त्यामुळे मी बिल घेऊन बाकावर बसलो आणि पेननं ओळींवर खुणा करायला लागलो. सोळा ओळी होत्या. खुणा करता करता त्यांचे आपोआप चार ढीग झाले.

पहिला ढीग सकाळी ठरलेल्या कामाचा. सर्व्हिसिंगची मजुरी ५९०, इंजिन ऑइल ४२०, मागचे ब्रेक शू २६०, एअर फिल्टर १९०, स्पार्क प्लग ११०, वॉशिंग ११८. एकूण १,६८८. म्हणजे सकाळचा अंदाज अगदी बरोबर होता. मुलगा खोटं बोलला नव्हता.

दुसरा ढीग चेनचा. चेन-स्प्रॉकेट किट (म्हणजे चेन आणि ती ज्यांवर फिरते ती पुढची-मागची दातेरी चाकं) १,४८० आणि ते बसवण्याची मजुरी ३५४. चेनच्या आवाजाची तक्रार मामानंच केली होती, पण आवाज बंद करायचे मार्ग बरेच असतात. चेन धुऊन तेल सोडणं, ताण नीट करणं, आणि सगळ्यात शेवटी किट बदलणं. त्या किटची किंमतच बाकी सर्व्हिसिंगएवढी.

तिसरा क्लचचा. क्लच प्लेट ९२०, कव्हरचं गॅस्केट ७५, क्लच केबल १८०, मजुरी ७०८. बेरीज १,८८३. क्लचबद्दल मामा एक अक्षर बोलला नव्हता.

चौथ्या ढिगात इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुणं, ३५०, टेफ्लॉन कोटिंग ७०८, अँटी-रस्ट २९५ आणि ‘कन्झ्युमेबल्स’ या नावाखाली २५०. एकूण १,६०३. सात वर्षांच्या गाडीच्या टाकीला चकाकी आणायला मामानं कुणाला सांगितलं नव्हतं. कन्झ्युमेबल्स म्हणजे ग्रीस, पुसायचा कपडा, एखादा नट, साफसफाईचा स्प्रे. या वस्तू खरोखरच लागतात, पण त्यांची किंमत मजुरीत धरलेली असायला हवी. वेगळी लावायची तर काय वापरलं ते लिहायला हवं. २५० हा आकडा कशातून आला हे काउंटरवर कुणालाच सांगता आलं नाही.

असं बिल हातात आलं की आणखी एक तपासणी करावी. पार्टच्या खोक्यावरची छापील किंमत सगळे कर धरून असते. बिलात छापील किमतीवर पुन्हा जीएसटी चढवला असेल तर ते चूक आहे. इथे तसं नव्हतं. किटची मूळ किंमत १,१५६.२५ आणि त्यावर २८ टक्के कर ३२३.७५, मिळून बरोबर १,४८०, जे खोक्यावर छापलेलं होतं. (तेव्हा दुचाकीच्या पार्टवर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला आहे. मजुरीवर आधीपासून १८च आहे.) दोन दिवसांनी मी नाना पेठेत गेलो तेव्हा तेच खोकं एका दुकानदारानं १,३२०ला सांगितलं, पण छापील किंमत घेणं हा काही गुन्हा नाही. पार्टच्या किमतींबाबत सर्व्हिस सेंटर स्वच्छ होतं. ते मी पुढच्या पत्रातही लिहिलं.

पावणेआठ ते सव्वाआठ

मुलाला मी तीन गोष्टी मागितल्या: जॉब कार्डची प्रत, ओळवार टॅक्स इनव्हॉइस, आणि काढलेले जुने पार्ट. पहिल्या दोन मिळाल्या. जुन्या पार्टवर तो अडखळला. शेवटी मागच्या भंगाराच्या पिंपातून चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि क्लच केबल घेऊन आला. ब्रेक शूही आले. क्लच प्लेट मात्र ‘स्क्रॅपमध्ये मिक्स झाल्या, कुठल्या तुमच्या ते कळणार नाही’.

‘‘फोन का नाही केला?’’ असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘केला होता सर, दोनदा. लागला नाही.’’ मामाच्या मोबाइलवर एकही मिस्ड कॉल नव्हता. मग जॉब कार्ड नीट पाहिलं तर त्यावर मामाचा जुना नंबर होता, २०१७ साली गाडी घेताना दिलेला. नवा नंबर मामानं मागच्या वर्षी सांगितला होता म्हणे, पण संगणकात जुनाच राहिला. मुलगा बहुधा खरंच बोलत होता. त्यानं फोन लावला असणार.

पण फोन लागला नाही तर काम तिथेच थांबवायचं असतं. गाडी उद्या सकाळपर्यंत थांबली असती तर कुणाचंच काही अडलं नसतं. सहमती मिळाली नाही, म्हणून ती आहेच असं धरून पुढे गेले, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही.

वरिष्ठ मॅनेजर निघून गेले होते. काउंटरवरच्या मुलाला बिल कमी करायचा अधिकार नव्हता आणि पूर्ण पैशांशिवाय गेट पास निघणार नव्हता. शाळा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. रोज सकाळी नातवाला शाळेत मामाच सोडतो. शिवाय त्याला चारचौघांत घासाघीस करायची लाज वाटत होती. तो हळूच म्हणाला, ‘‘देऊन टाकू, निघू.’’

या मामाला मी लहानपणापासून पाहिलंय. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, ते ऐकत-वाचत मोठी झालेली ही पिढी. वाण्याकडून आल्यावर मामा यादी आणि बिल शेजारी ठेवून प्रत्येक ओळ तपासायचा, शंभर ग्रॅम जिरं कमी भरलं तर परत जायचा. तोच माणूस इथे गप्प होता. जिरं त्याला कळतं, क्लच कळत नाही. समोरच्याला कळतं आणि आपल्याला कळत नाही, असं झालं की आपलं मागणं बरोबर असूनही माणूस मागे सरतो.

आम्ही पूर्ण ७,००८ भरले, यूपीआयनं. पण भरण्याआधी त्यांच्या आणि आपल्या, दोन्ही प्रतींवर मामाच्या हातानं लिहिलं: ‘१,६८८ रुपयांच्या कामाला माझी संमती होती. उरलेली रक्कम गाडी ताब्यात मिळावी म्हणून, हरकत नोंदवून आणि हक्क राखून भरत आहे.’ खाली सही, तारीख, वेळ. मुलगा घाबरला, पण त्यानं प्रतीवर शिक्का मारला. मग त्यानं एक छापील फॉर्म पुढे केला, ‘काम समाधानकारक झाले’ असा. त्यावर आम्ही सही केली नाही. जाताना तो म्हणाला, ‘‘काका, कंपनीकडून फोन येईल, दहापैकी दहा सांगा प्लीज.’’ त्याचा पगार त्या आकड्याला बांधलेला असावा असं मला तेव्हा वाटलं, आणि वाईटही वाटलं.

फक्त १,६८८ देऊ करून गाडी तिथेच ठेवायची, असाही एक मार्ग होता. गाडीची निकड नसेल तर तो जास्त भक्कम आहे, कारण पैसे आपल्या हातात राहतात. पण नातवाची शाळा आणि मामाचा रक्तदाब बघता त्या दिवशी तो मार्ग आमचा नव्हता.

जुन्या पार्टांनी काय सांगितलं

दुसऱ्या दिवशी ती चेन आणि स्प्रॉकेट वर्तमानपत्रात गुंडाळून मी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे नेली. बिल दाखवलं नाही, रक्कमही सांगितली नाही. एवढंच विचारलं, ‘‘हे बदलायला झालं होतं का?’’

त्यानं मागचं स्प्रॉकेट हातात फिरवलं. दाते एका बाजूला झुकून करवतीसारखे टोकदार झाले होते. मग चेन आडवी धरून दोन्ही टोकं उचलली. नवी चेन आडवी धरली की जवळजवळ सरळ राहते. ही कमानीसारखी वाकली. ‘‘गेलेलीच होती,’’ तो म्हणाला. ‘‘घाटात तुटली असती तर मागचं चाक जाम झालं असतं.’’ नुसती चेन बदलून का चालत नाही हेही त्यानं सांगितलं. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली तर ती काही महिन्यांत ताणून जाते, म्हणून तिन्ही एकदम बदलायचे. मामाच्या वहीत आधीचं किट २२,००० किलोमीटरला बदलल्याची नोंद होती. म्हणजे हे २६,००० चाललं होतं. वहीही मिस्त्रीच्याच बाजूनं बोलत होती.

केबलचंही तसंच. हँडलकडच्या टोकाला तारेचे चार-पाच धागे तुटलेले होते. आज ना उद्या ती रस्त्यात तुटली असती.

क्लच प्लेटचा प्रश्न वेगळा होता. अशा गाड्यांत क्लच इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो आणि प्लेट झिजल्या की त्या घसरायला लागतात. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनचा आवाज चढतो, गाडी मात्र तेवढी ओढत नाही. चढावर ते लगेच जाणवतं आणि ॲव्हरेज पडतं. मामा आदल्याच रविवारी मामीला मागे बसवून जुन्या कात्रज घाटातून बनेश्वरला जाऊन आला होता आणि त्याला काही जाणवलं नव्हतं. वहीत मार्चपासून जूनपर्यंत ॲव्हरेज ५४ ते ५६च्या मध्ये होतं. घसरणाऱ्या क्लचवर ॲव्हरेज असं स्थिर राहत नाही.

मिस्त्रीनं गाडी बघून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. क्लच कव्हरच्या बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा होत्या आणि गॅस्केटची कड नवी दिसत होती. म्हणजे कव्हर उघडलं होतं हे नक्की. आतल्या प्लेट बदलल्या की नुसत्या बघून परत बसवल्या, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

या तपासणीनं माझं मत बदललं. मी सर्व्हिस सेंटरकडे सरसकट संशयानं बघत होतो. आता दिसत होतं की बिलातला काही भाग एका नीट नजरेच्या मेकॅनिकचं चांगलं काम आहे, आणि त्याच बिलाला चकाकीचं आणि फ्लशचं ओझं चिकटलेलं आहे. गाडीच्या पुस्तिकेत इंजिन फ्लशचा उल्लेखच नाही. ठरलेल्या अंतरावर तेल बदलत राहा, एवढंच त्यात लिहिलंय आणि मामा ते वेळच्या वेळी बदलतो.

कायदा आमच्या बाजूनं किती होता

पूर्णपणे नव्हता, आणि हे आधी समजून घेतल्याचा फायदा झाला.

भारतीय करार कायदा १८७२चा. त्याचं कलम १७० सांगतं की ज्यानं वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्चलं, तो त्या कामाचा देय मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवू शकतो. कायद्यातलं उदाहरण जवाहिऱ्याचं आहे. हिऱ्याला पैलू पाडून झाले की मजुरी मिळेपर्यंत हिरा त्याच्याकडे राहू शकतो. तेव्हा ‘तुम्ही गाडी अडवूच शकत नाही’ असं काउंटरवर ओरडणं चूक ठरलं असतं. पण तो मोबदला देय असायला हवा. ज्या कामाला होकारच नाही त्याचे पैसे देय आहेत का, तिथे खरा वाद आहे.

कलम ७० दुसऱ्या बाजूनं येतं. एखाद्यानं फुकट करायच्या हेतूनं न केलेलं काम तुमच्यासाठी केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात, तर भरपाई द्यावी लागते. चेन बसली, मामा त्यावर गाडी चालवतोय, मग ‘मी सांगितलं नव्हतं, एक पैसा देणार नाही’ ही भूमिका कायद्यातही टिकायला अवघड आणि माणुसकीतही. चेनचे आणि केबलचे पैसे द्यायचे, हे मी आणि मामानं त्याच दिवशी ठरवलं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. त्यात सेवेतल्या त्रुटीबद्दल आणि अनुचित व्यापारी प्रथेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. केलेल्या सेवेचं बिल न देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित प्रथा धरली आहे, म्हणून ‘कच्च्या बिलात कमी करून देतो’ हा प्रस्ताव कधीच घेऊ नये. एकदा पक्कं बिल गेलं की दाखवायला काही उरत नाही. आयोगाआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५. तिथे नोंदवायचा मजकूरही मी तयार ठेवला होता.

पत्र

१९ तारखेच्या रात्री मी पत्राचा मसुदा केला. त्यात ‘लूट’, ‘फसवणूक’, ‘ज्येष्ठ नागरिकाचा गैरफायदा’ असे शब्द होते. मामानं चष्मा लावून वाचलं आणि लाल पेननं ते सगळे खोडले. ‘‘फसवणूक आहे हे तुला सिद्ध करता येईल? नाही ना? मग जे सिद्ध करता येतं तेवढंच लिही.’’ चाळीस वर्षं टपाल खात्यात सरकारी पत्रव्यवहार केलेला माणूस तो. त्यानं कापलेलं पत्र माझ्या पत्रापेक्षा कितीतरी धारदार झालं.

ते पानभराचंच होतं. काय सांगितलं, काय केलं, कशाला विचारलं नाही. मग मागणी, अशी: ‘ठरलेल्या कामाचे १,६८८ आणि चेन-स्प्रॉकेट किट व क्लच केबल यांची किंमत मला मान्य आहे. हे पार्ट खराब झाले होते हे मी तपासून घेतले आहे. क्लच प्लेट बदलण्याची गरज व त्या बदलल्याचा पुरावा द्यावा, अन्यथा ती रक्कम परत करावी. चकाकी, अँटी-रस्ट, फ्लश व कन्झ्युमेबल्स यांची रक्कम परत करावी. उत्तराची पंधरा दिवस वाट पाहीन.’ सोबत बिलाची आणि जॉब कार्डची प्रत, वहीच्या दोन पानांचे फोटो.

मी ते २० तारखेला सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल केलं. मामाचा ई-मेलवर विश्वास नाही. तो पोस्टात जाऊन रजिस्टर एडी करून आला.

तरी गाडं हललं ते एका फोननं. २१ तारखेला, शुक्रवारी, कंपनीकडून तो नेहमीचा फोन आला: सर्व्हिसबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, शून्य ते दहा. मामानं ‘तीन’ सांगितलं आणि कारण विचारल्यावर पत्रातलीच वाक्यं शांतपणे वाचून दाखवली. शनिवारी सकाळी साडेदहाला सर्व्हिस मॅनेजरचा स्वतःहून फोन. सोमवारी या म्हणाले.

सोमवार, २४ जून

बैठक चाळीस मिनिटं चालली. मॅनेजर पन्नाशीचे, सौम्य बोलणारे. त्यांनी आधी जॉब कार्डवरची बारीक ओळ दाखवली. मी म्हटलं, ती ओळ ‘आवश्यक’ कामापुरती आहे, टाकीला टेफ्लॉन लावणं आवश्यक कसं? त्यावर ते काही बोलले नाहीत आणि त्यांनी चौथा ढीग तिथेच सोडला. अर्ध्या मिनिटात १,६०३ गेले.

क्लचवर मात्र ओढाताण झाली. त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. पंचविशीतला मुलगा, हाताला काळं तेल. तो म्हणाला, केबल बदलल्यावर क्लच उशिरा सुटतोय असं वाटलं, म्हणून उघडून पाहिलं. ते अगदी शक्य आहे, पण केबलचा ताण नीट केला असता तरी ते गेलं असतं, असं आमच्या मिस्त्रीचं म्हणणं होतं. मामानं वही उघडून पुढे केली. मेकॅनिकनं ॲव्हरेजचे आकडे वाचले आणि मॅनेजरकडे पाहिलं. जुन्या प्लेट दाखवायला नव्हत्या. प्लेट, गॅस्केट आणि मजुरी मिळून १,७०३ परत करायचं ठरलं. केबलचे १८० आमच्याकडे राहिले.

चेनच्या किटचे १,४८० आम्ही आधीच मान्य केले होते. मजुरीचे ३५४ त्यांनी स्वतःहून सोडले. न विचारता केलं, तेवढं आमच्याकडून, असं म्हणाले. मला ते आवडलं. मागायचं माझ्या मनातही नव्हतं.

हिशेब असा झाला: ७,००८पैकी ३,३४८ सर्व्हिस सेंटरचे, ३,६६० मामाला परत. पैसे शनिवारी, २९ जूनला खात्यात आले. तारीख मामाच्या पक्की लक्षात आहे, कारण त्याच रात्री भारतानं बार्बाडोसला टी-२० विश्वचषक जिंकला.

काउंटरवरचा मुलगा निघताना दारापर्यंत आला. चकाकी आणि फ्लशचं महिन्याचं टार्गेट असतं, असं त्यानं सांगितलं. मामानं त्याला त्याच्यासमोरच नवा मोबाइल नंबर संगणकात भरायला लावला.

डिसेंबर

पुढच्या सर्व्हिसिंगला मामा कुठे जाणार याची मला उत्सुकता होती. तो तिथेच गेला. गल्लीतल्या मिस्त्रीकडे का नाही, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘चेन त्यांनीच ओळखली ना. आपल्याला मेकॅनिकबद्दल तक्रार नव्हतीच.’’

या वेळी त्यानं जॉब कार्डवर सहीच्या वर, त्या बारीक इंग्रजी ओळीच्या शेजारच्या कोऱ्या जागेत मराठीत लिहिलं: ‘खर्च २,००० रु. पर्यंत. त्यावर काही निघाल्यास फोन करून होकार घ्यावा, फोन न लागल्यास काम थांबवावे. काढलेले पार्ट परत द्यावेत.’ अंदाजे खर्चाचा रकाना मुलाकडून भरून घेतला आणि जॉब कार्डचा मोबाइलवर फोटो काढला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. मागे रांग होती, कुणी काही बोललं नाही.

दुपारी बाराच्या आत फोन आला. मी तेव्हा मामाकडेच होतो, त्यानं तो स्पीकरवर टाकला.

‘‘काका, पुढच्या टायरची ग्रिप संपत आलीये. बदलू का?’’

‘‘थांबा,’’ मामा म्हणाला. ‘‘मी येऊन बघतो.’’